वसई–सोपारा परिसरातील लिपिविकास

वसई परिसरातील वालीव गावाच्या पश्चिमेस, लोहमार्गापलीकडे वसलेले सोपारा, म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर, हे महाराष्ट्रातील ज्ञात लेखनाचे एक आरंभस्थान होय. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा भग्न खंड सापडला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावी नवव्या शासनाचा अंश हाती आला. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील ही प्राकृत शासने ब्राह्मी लिपीत असून, आठवे शासन विहारयात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्याचे निवेदन करते, तर नववे लौकिक मंगलविधींहून धर्माचरण श्रेयस्कर ठरविते.

या ब्राह्मीला शिरोरेखा नाही. ‘क’ ही निव्वळ फुली, ‘ठ’ हे वर्तुळ आणि ‘ग’ हा कोन आहे. पुढे सातवाहनकाळी कान्हेरीच्या लेण्यांत अक्षरांचे माथे जाड होऊ लागले व दंडांची टोके वळू लागली, हा लेखणीच्या फटकाऱ्याचा दगडावर उमटलेला संस्कार होय. शिलाहारांच्या अमदानीत उत्तर कोकणातील ताम्रपटांवर व शिलालेखांवर नागरी स्थिरावली. १५३४ पासून वसईवर पोर्तुगीज अंमल बसल्यावर किल्ल्यातील चर्चमधल्या थडग्यांवर रोमन अक्षरे आली, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई सर केल्यावर मुलखाच्या दफ्तरात मोडी लिपीचा शिरस्ता सुरू झाला.

मोडीचे श्रेय परंपरेने यादवांचा प्रधान हेमाद्री यास दिले जाते. परंतु तिचे रूप कारकुनाच्या निकडीतून घडले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कागदावर प्रथम आडवी रेघ ओढून, बोरू शक्यतो न उचलता, तिच्याखाली अक्षरे जोडीत जाण्याची ही रीत असून, तीत ‘इ’ व ‘उ’ यांचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळला जात नाही.

उत्तर युरोपातील नॉर्स लोकांच्या रून लिपीशी मोडीची तुलना उद्बोधक ठरते. लाकडाच्या रेषांत आडवे काप हरवू नयेत म्हणून रून चिन्हे उभ्या व तिरप्या रेघांनी घडली. त्यांची संख्या आरंभी २४ होती, ती आठव्या शतकाच्या सुमारास १६ वर आली, आणि ‘त–द’, ‘क–ग’ यांसारख्या जोड्यांना एकच चिन्ह पुरू लागले. मोडीप्रमाणेच येथेही लिहिणाऱ्याची सोय झाली व अर्थनिर्णयाचा भार वाचणाऱ्याच्या भाषाज्ञानावर पडला. मध्ययुगात रून लिपीने चिन्हांवर टिंबे देऊन लुप्त भेद पुन्हा मिळविले. मोडीत तशी सुधारणा रूढ झाली नाही. विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडीच्या खिळ्यांनी छापला गेला होता, तरी पुढे मुद्रणाने व शालेय शिक्षणाने बाळबोध म्हणजे देवनागरीच स्वीकारली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी सरकारी व खासगी व्यवहारांतून जवळजवळ नाहीशी झाली.