आधी पाण्याची मशागत

अहिल्यानगर जिल्ह्यात पाणी अडवले गेले ते शेतीसाठी. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, पुढे राहुरीजवळ मुळा धरण झाले. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले आणि त्याचा जलाशय नाथसागर नेवासा-शेवगावच्या शिवारांत पसरला. गावे उठली, काळी माती पाण्याखाली गेली, आणि त्या पाण्यात मासेमारी सुरू झाली.

पण या पाण्यात सोडायला माशांचे बीज, म्हणजे पिल्ले, कुठून आणायचे? पूर्वी ते मुख्यतः नद्यांतून गोळा करावे लागे. १९५७ मध्ये ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवले आणि बीज केंद्रातच तयार करण्याची वाट मोकळी झाली. खरी कसोटी मात्र पिल्ले जगवण्याची होती.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात. सुमारे तीन दिवसांत त्यांच्या पोटाखालची पिवळी पिशवी संपते. मग त्यांना तोंडात मावेल असे जिवंत खाद्य हवे: रोटिफर, मोइना. हे सूक्ष्म प्राणी जीवाणूंवर आणि बारीक शेवाळावर जगतात. शेवाळाला लागते ऊन, नत्र आणि स्फुरद. म्हणून संगोपन तळ्यात आधी चुना टाकतात, मग शेण, शेंगदाणा पेंड आणि सुपर फॉस्फेट कुजवून ओततात. हेक्टरी साधारण २०० किलो शेण, ७५० किलो पेंड, ५० किलो सुपर फॉस्फेट, तेही हप्त्याहप्त्याने. पाणी तयार झाले की नाही, हे हात सांगतो. कोपरापर्यंत बुडवला आणि तळवा दिसेनासा झाला, की पाण्याला कस आला. मात्र तो गढूळपणा मातीचा नसावा.

अडचण अशी, की कार्पचा विणीचा हंगाम पावसाळ्यात येतो. आभाळ दोन-चार दिवस झाकोळले की शेवाळाकडून प्राणवायू कमी मिळतो. कुजणारे शेण मात्र तो शोषतच राहते. पहाटे पिल्ले पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशा दिवसांत खत थांबवणे हेच शहाणपण.

आता जिल्ह्यात प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी झाली आहेत. तिथे ऊन भरपूर, पण पाण्याला माती लागत नाही. त्यामुळे तळातून मिळणारे पोषण बंद होते. निवळशंख पाणी दिसायला छान, पिल्लांसाठी मात्र उपाशी. उलट खत बेसुमार पडले, तर पाण्यावर हिरवा तवंग धरतो. शेततळ्यात मासळी घेऊ पाहणाऱ्यांनी बीज आणण्याआधी दहा-बारा दिवस पाणी तयार करण्यासाठी राखून ठेवावेत.