लिंबू, पुदिना आणि परवाना

सध्या रील्सवर घरच्या घरी कॉकटेल करण्याचा धडाका सुरू आहे. लिंबाच्या फोडी आणि पुदिना साखरेत जरा ठेचायचा, व्हिस्की आणि बर्फ टाकून हलवायचं, गाळायचं. याला 'व्हिस्की स्मॅश' म्हणतात. अमेरिकेतल्या जेरी थॉमसच्या १८६२ च्या पुस्तकात तो आहे, फक्त लिंबाशिवाय. कृती सोपी. पण महाराष्ट्रात हा ग्लास स्वतःच्या घरात उचलायलाही परवाना लागतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी अधिनियम. त्याविरुद्ध एफ. एन. बलसारा कोर्टात गेले. व्हिस्की-ब्रँडीच काय, यू-डी-कोलोनसुद्धा जवळ बाळगू द्या, अशी मागणी! १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं मोकळी केली, दारूबंदी मात्र कायम ठेवली. पुढे सरकारनेच बंदी सैल केली, दुकानं आली, महसूल आला. परवाना तसाच राहिला. आणि तो देतात कशासाठी? तर आरोग्य राखण्यासाठी! अमेरिकेतही १९२० ते १९३३ च्या बंदीत डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची. तिकडे निदान बंदीसोबत ते सोंगही संपलं.

फ्लॅटमधल्या कॉकटेलवाल्याला परवाना कोण विचारतो? धाड पडते वस्तीतल्या गुत्त्यावर. ती पडायलाच हवी, २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. पण घरात पिणाऱ्याचा परवाना तपासायचाच नसेल, तर आमदार मंडळी तो कायद्यातून काढून का टाकत नाहीत?