ॲक्सोलॉटल आणि पाण्याची गाळणी

पाणी गाळणें म्हणजे त्यांतील कचरा काढून टाकणें, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. घागरीच्या तोंडाला फडकें बांधणारी गृहिणी आणि शहराला पाणी पुरविणारा इंजिनियर, या दोघांचीही पहिली दृष्टि पाणी नितळ दिसण्याकडेच असते. परंतु नितळ दिसणारें पाणी जीव जगविण्यास पुरेसें असतेंच असें नाहीं. हें सत्य मनुष्याला समजावयास बराच काळ लागला. आणि तें उलगडत असतांनाच मेक्सिकोंतील एक विलक्षण प्राणी युरोपांतील कांचेच्या टाक्यांत येऊन राहिला. त्याचें नांव ॲक्सोलॉटल.

हा सॅलॅमँडर कुळांतील, म्हणजे बेडकाच्या दूरच्या नात्यांतील, वीतभर लांबीचा जलचर होय. मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील सोचिमिल्को व चाल्को हीं सरोवरें त्याचें मूळ घर. तेथील भाषेंत ‘आत्ल’ म्हणजे पाणी आणि ‘शोलोत्ल’ हें एका देवतेचें नांव. बलिदान चुकविण्यासाठीं या देवानें अनेक रूपें घेतलीं व शेवटीं पाण्यांत शिरून या प्राण्याचें रूप धारण केलें, अशी आख्यायिका आहे. बेडकाचें पिलूं मोठें झालें कीं कल्ले गमावून जमिनीवर येतें. ॲक्सोलॉटल मात्र बहुधा जन्मभर बाळरूपांतच राहतो. मानेच्या दोन्ही अंगांस तीन तीन झुपकेदार कल्ले मिरवीत तो संथ, थंड पाण्याच्या तळाशीं पडून असतो.

फ्रेंच सैन्य मेक्सिकोंत असतांना, १८६४ सालीं, असे ३४ प्राणी पॅरिसला पोंचले. त्यांपैकीं पांच नर व एक मादी असे सहा प्राणी तेथील निसर्गेतिहास संग्रहालयांतील प्राध्यापक ऑग्युस्त द्युमेरील यांच्या हवालीं झाले. १८६५ च्या आरंभीं मादीनें अंडीं घातलीं. आणि त्याच वर्षीं तीं पिलें वाढत असतां त्यांतील कांहींचे कल्ले गळून पडले. विद्वज्जन चकित झाले. द्युमेरील यांनीं पुढील पिढ्यांतील प्राणी युरोपभर वांटले. प्रयोगशाळांतील ॲक्सोलॉटलांचा फार मोठा भाग याच सहा प्राण्यांचा वंश आहे.

परंतु टाकींतील पाण्याचें काय? लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० सालीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मासे, पाणवनस्पति आणि सडकीं पानें खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवल्यास पाणी दीर्घकाळ टिकतें, असें त्यांनीं दाखविलें. पुढें विल्यम आल्फर्ड लॉइड यांनीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयांत, १८७१ सालीं, अंधाऱ्या साठ्यांतून पाणी सतत खेळतें ठेवण्याची योजना अमलांत आणली. दोघांनाही मार्ग सांपडला होता. कारण मात्र अजून पूर्णपणें उमगलें नव्हतें.

तें कारण १८७७ सालीं फ्रान्समध्यें उजेडांत आलें. श्लोझिंग व म्युंट्स या शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून सांडपाणी हळूहळू झिरपूं दिलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. मग पाण्यांतील अमोनिया जाऊन त्याच्या जागीं नायट्रेट दिसूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच ही क्रिया थांबली! यावरून हें काम वाळूचें नसून वाळूवर वसलेल्या सजीव जंतूंचें आहे, हें सिद्ध झालें. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनीं ते जंतु वेगळे करून दाखविले.

ॲक्सोलॉटलसाठीं गाळणी निवडण्याचा सारा विवेक या इतिहासांत आहे. या प्राण्याच्या विष्ठेंतून व उरल्यासुरल्या अन्नांतून अमोनिया निर्माण होतो, आणि तो त्याच्या नाजूक कल्ल्यांना जाळतो. म्हणून गाळणींत जंतूंना वसावयास भरपूर जागा हवी. पण पाणी जोरानें फेंकणारी गाळणीही त्याला जाचते. प्रवाहाचा मारा बसला कीं त्याचे कल्ले पुढें वळतात आणि अन्नावरील वासना उडते. हवेच्या पंपावर चालणारी साधी स्पंजाची गाळणी या दोन्ही अटी पाळते. बुडबुडे वर चढतांना पाणी स्पंजांतून सावकाश ओढलें जातें. टाकी मोठी असून बाहेरची डब्याची गाळणी लावावयाची झाल्यास, परतीचें पाणी भोंकें पाडलेल्या आडव्या नळींतून भिंतीकडे सोडावें.

नवी गाळणी बसवितांच प्राणी टाकींत सोडणें ही मोठी चूक होय. वीस दिवस स्वस्थ बसलेली ती फ्रेंच नळी येथें आठवावी. टाकींत जंतु स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज धुवावयाचा तो टाकींतूनच काढलेल्या पाण्यानें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतूंचा नाश करतें. सांठलेलें नायट्रेट कोणतीही साधी गाळणी काढीत नाहीं. त्यासाठीं थोडें थोडें पाणी बदलावेंच लागतें. पाण्याची उष्णता १६ ते १८ अंश सेल्सियस असावी. तें थंड राखण्याचें कामही गाळणीचें नव्हे.

इकडे कांचेच्या टाक्यांतून हा वंश जगभर वाढला; मूळ घरीं मात्र उलटें घडलें. चाल्को सरोवर आटविण्यांत आलें. सोचिमिल्कोचे झरे राजधानीची तहान भागविण्यासाठीं वळविले गेले, कालव्यांत शुद्ध केलेलें सांडपाणी आलें, आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे अंडीं-पिलें खाऊं लागले. १९९८ सालीं दर चौरस किलोमीटरांत सुमारें ६००० असलेले प्राणी २०१४ च्या पाहणींत अवघे ३६ उरले. आतां तेथील शास्त्रज्ञ व शेतकरी मिळून शेतांमधल्या चिंचोळ्या कालव्यांच्या तोंडाशीं दगड, जाळी व पाणवनस्पतींच्या साध्या गाळण्या उभारीत आहेत. त्यांनीं मासे अडतात आणि पाणी निवळतें. घरांतील टाकीच्या कोंपऱ्यांत बुडबुडणारा स्पंज आणि सोचिमिल्कोच्या कालव्यावरील तो बांध, दोहोंचें कार्य एकच. ज्या जीवाला मनुष्यानें हौसेनें घरीं आणलें, त्याचें पाणी राखणें हें मनुष्याचेंच कर्तव्य आहे.