मेरी एलनचीं माणसें

बालकांवरील क्रौर्याच्या इतिहासांत न्यूयॉर्क शहरांतील १८७४ सालचा एक खटला प्रसिद्ध आहे. मेरी एलन विल्सन ही मुलगी तेव्हां सुमारें दहा वर्षांची होती. वडील वारलेले, आईला पोषण झेपेना. म्हणून शहराच्या धर्मादाय खात्यानें तिला एका कुटुंबाच्या स्वाधीन केलें होतें. तेथें तिच्या वांट्याला कोंडलेली खोली आणि नित्याचा मार आला. न्यायालयांत आणली तेव्हां तिच्या चेहऱ्यावर कात्रीची जखम होती.

तिची दाद प्रथम घेतली ती एट्टा व्हीलर या बाईनें. गरिबांच्या वस्तींत फिरतांना तिला ही हकीकत शेजाऱ्यांकडून कळली. पोलीस व धर्मादाय संस्था यांचे उंबरठे झिजवूनही उपयोग झाला नाहीं. शेवटीं प्राणिरक्षक संस्थेचे संस्थापक हेन्री बर्घ यांनीं हात दिला. मुलीला ‘प्राणी’ ठरवून सोडविलें, ही पुढें रूढ झालेली दंतकथा होय. बर्घ खासगी नागरिक या नात्यानें पुढें आले, आणि त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनीं प्रचलित कायद्याच्याच आधारें तिला न्यायाधीशांपुढें आणविलें. पालक स्त्रीला एक वर्षाची कैद झाली. त्याच सालच्या अखेरीस न्यूयॉर्कांत बालरक्षणाची संस्था निघाली.

बहुतेक वृत्तान्त येथें संपतात. मेरी एलनचें खरें आयुष्य येथून सुरू झालें. प्रथम तिला थोर वयाच्या बिघडलेल्या मुलींच्या संगतींत ठेवण्यांत आलें. व्हीलरबाईंना तें पटलें नाहीं. न्यायाधीशांची संमति मिळवून त्यांनीं तिला खेड्यांत, आपल्या वृद्ध आईकडे पाठविलें. जन्मभर घरांतील फरशीवर वावरलेल्या त्या मुलीला उंचसखल जमिनीवर चालणेंही तान्ह्या मुलाप्रमाणें शिकावें लागलें. झाडें, शेतें, सर्वच तिला अपरिचित होतें. पुढें ती वृद्धा वारली; परंतु आपल्यामागें मुलीला जवळच राहणाऱ्या आपल्या दुसऱ्या लेकीनें सांभाळावें, असें ती सांगून गेली होती. त्या लेकीनें व तिच्या पतीनें मेरी एलनला वाढविलें. एक आधार गेला तरी पोर पुन्हां उघड्यावर पडली नाहीं.

१८८८ सालीं तिचें लग्न झालें. तिनें एका मुलीचें नांव एट्टा ठेविलें. शिवाय एक अनाथ मुलगीही आपल्या घरीं वाढविली. बालपणाविषयीं ती फारसें बोलत नसे. म्हणजे विस्मरण झालें होतें असें नव्हे. परंतु जें घर तिला स्वतःला उशिरा मिळालें, तें दुसऱ्या पोरक्या मुलीला देण्याइतकी ती सावरली होती. १९५६ सालीं, ९२ व्या वर्षीं, तिचें निधन झालें. न्यायालयानें तिची सुटका थोड्या दिवसांत केली. तिला पुन्हां माणसांवर विश्वास ठेवावयास शिकविण्याचें काम मात्र एका सामान्य कुटुंबानें वर्षानुवर्षें केलें.