पट्टागडाची वाट : दृष्टिरेषा, अरण्य आणि लेसर-मापन

इ. स. १६७९ च्या नोव्हेंबरमध्ये जालना लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्यास मोगल सरदार रणमस्तखानाने वाटेत गाठले. सिधोजी निंबाळकर लढाईत पडले. बहिर्जी नाईकाने तीन दिवस व तीन रात्री आडवाटेने चालवीत सैन्य पट्टागडाच्या आश्रयास आणले. अकोले तालुक्यातील (अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर जिल्हा) या गडाचे विश्रामगड हे नाव त्या मुक्कामावरून पडले, असे मानले जाते. ती वाट पाठलाग करणाऱ्यांच्या दृष्टीस का पडली नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

दुर्गांच्या परस्परदृश्यतेविषयी आपल्याकडे बरेच लिहिले जाते. फेब्रुवारी २००० मधील अवकाशस्थ रडार-मापन विनामूल्य उपलब्ध झाल्यापासून संगणकावर दृश्यक्षेत्र काढणे सुलभ झाले आहे. परंतु त्या नकाशातील चौकोनाची बाजू ३० ते ९० मीटर असते आणि दाट झाडीत मोजलेली उंची जमिनीची की शेंड्यांची, हे धड ठरत नाही. त्यावर अरण्य एकतर वगळले जाते किंवा सलग भिंत मानले जाते. प्रत्यक्षात अरण्य यांपैकी काहीच नसते.

विमानातून सोडलेले लेसर-स्पंद काही शेंड्यांवरून, काही फांद्यांवरून व काही जमिनीवरून परततात. परतीच्या वेळेवरून प्रत्येक बिंदूचे स्थान मिळते. बेलीझमधील काराकोल येथे २००९ मध्ये याच पद्धतीने झाडीखालची माया संस्कृतीची शेती-सोपाने उजेडात आली. तेथे झाडीचे बिंदू वगळायचे होते; दृश्यतेच्या अभ्यासात तेच मुख्य पुरावा ठरतात. अवकाशाचे लहान घन कल्पून प्रत्येकात किती स्पंद शिरले व किती अडले, यावरून आडवी दृष्टी किती अंतरावर खुंटेल, याचा अंदाज बांधता येतो. एक अडचण मोठी आहे. वरून येणारे स्पंद खाली पोहोचेपर्यंत विरळ होतात. म्हणजे कारवीच्या जाळीत, जेथे पायदळाची नजर असते, तेथेच मोजणी सर्वांत दुबळी पडते.

शिवाय मोजले जाणार ते आजचे अरण्य. पट्ट्याच्या परिसरात आता पवनचक्क्या उभ्या आहेत. तालुक्यातील दाट झाडी पश्चिमेस, १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. १६७९ ची झाडी तिच्यावरून वाचता येणार नाही. डोंगरधारा आणि खिंडी मात्र बहुतांशी त्याच आहेत. म्हणून निष्कर्ष एकाच बाजूने ठाम राहतो : जे आज केवळ भूरूपामुळे दडते, ते तेव्हाही दडलेले होते, जे उघड्या नकाशावर दिसते, ते तेव्हा दिसत होते, असे म्हणता येत नाही. दुर्गांमधील इशाऱ्यांच्या साखळीविषयीची कित्येक विधाने नेमकी या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

अभयारण्यातील झाडी नमुना म्हणून घ्यायची, तर ऋतूही पाळावा लागेल. वैशाखातील पानझडीनंतरची मोजणी त्या मोहिमेस लागू पडणार नाही आणि पावसाळ्यात ढगांमुळे ती होणारच नाही. विमान नोव्हेंबरच्या आसपासच उडवावे लागेल.