पुण्याच्या सायकलींची वाट

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळी शहरात सायकलींसाठी वेगळे मार्ग जवळजवळ नव्हतेच. तरीही विद्यार्थी, कारकून, दूधवाले आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार भर रस्त्याने निर्धास्त जात. ज्यांची स्वतःची सायकल नसे, ते ताशी भाड्याने घेत. या निर्धास्तपणाचे श्रेय अनेकदा पुणेकरांच्या शिस्तीला दिले जाते, ते मला पटत नाही. शिस्त एवढी अंगी असती, तर डबलसीट जाणाऱ्यांना आणि दिव्याविना फिरणाऱ्यांना पोलिसांनी अडवण्याची वेळच आली नसती. सुरक्षितता आली होती संख्येतून आणि कमी वेगातून. रस्त्यावर सायकलीच जास्त होत्या आणि पेठांच्या अरुंद रस्त्यांवर मोटारीलाही त्यांच्याच चालीने जावे लागे. धक्का लागला तरी बहुधा गुडघा खरचटण्यावर निभावे.

हा तोल वाढत्या वेगाने बिघडवला. बजाजची चेतक स्कूटर आणि कायनेटिकची लुना मोपेड, दोन्ही १९७२ च्या. मध्यमवर्गाची मोठी सोय झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे रस्त्यांची आखणी याच नव्या वेगासाठी होऊ लागली. गणेशखिंड रस्त्याचे कित्येक जुने वड रुंदीकरणात गेले. सावली गेली आणि कडेने जाण्याची बिनधास्त जागाही गेली. रम्य रस्ता आणि सुरक्षित रस्ता पुण्यात बहुतेक ठिकाणी एकच होता, म्हणून दोन्ही एकदमच हरवले.

पैसा आला की सायकल जाणारच, असे यावर म्हटले जाते. नेदरलँड्सचा अनुभव वेगळा आहे. तिथेही युद्धानंतर मोटारी वाढल्या, सायकली घटल्या आणि १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यात ४०० हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलसंकटाची भर पडली आणि त्या श्रीमंत देशाने रस्ते बदलले. दुसरा आक्षेप अंतरांचा, आणि तो अर्धा खरा आहे. कोथरूडहून हिंजवडीला रोज सायकलने जा, असे कुणाला सांगता येणार नाही. मात्र शाळा, मंडई, शिकवणी ही अंतरे अजून दोन-चार किलोमीटरचीच आहेत आणि मूळ शहर बरेचसे सपाट आहे.

मग मार्ग बांधूनही सायकली का परतल्या नाहीत? स्वारगेट-कात्रज बीआरटी बसमार्गाबरोबर आखलेल्या सायकलमार्गांसारखे तुकडे नेमके चौकात तुटतात, आणि खरा धोका चौकातच असतो. मध्येच हातगाडी, विजेची पेटी, उभी केलेली मोटार. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, तोही सलग जाळ्याचा विचार धरूनच. अशा जाळ्याचा एक कणा शहरात दीडशे वर्षांपासून आहे: खडकवासल्याहून पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटजवळून हडपसरकडे जाणारा मुठा उजवा कालवा. पाणी संथ वाहावे म्हणून त्याला उतार अगदी थोडा दिला आहे, त्यामुळे काठाच्या वाटेला चढ असा नाहीच. काही भागांत ती वाट आजही चालती आहे. पहिला खर्च तिचे तुकडे जोडण्यावर आणि ती जिथे मोठे रस्ते ओलांडते तिथे मोटारींचा वेग उतरवण्यावर व्हायला हवा.