ओसरीही कामाची जागा

निर्मल म्हटलं की लोकांना रंगीत लाकडी खेळणी आठवतात. पण इथल्या गल्ल्यांत आणि आसपासच्या खेड्यांत ओसरीवर बसलेल्या बायकांच्या मांडीवर सूप दिसतं. त्यात तंबाखू, भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि दोरा. हजाराच्या हिशोबाने विड्या वळायच्या आणि ठेकेदाराला नेऊन द्यायच्या. विडी हे व्यसन, आपल्या धर्मात ते वर्ज्यच. तरी त्या वळणाऱ्या हातांचा इतिहास आपण जैन बायकांनी वाचावा असं मला वाटतं. कामगार कोणाला म्हणायचं आणि भरपगारी रजा कोणाला द्यायची, हा वाद या विडीनेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला.

बाळंतपणाच्या रजेची गोष्ट मात्र त्याआधीची. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्याच हिताचं आहे. सरकारने भार उचलावा, पण जो मालक बाईच्या कामातून नफा मिळवतो त्यालाही पूर्ण मोकळं सोडता येणार नाही. 1929 मध्ये मुंबई प्रांताने कायदा केला. आपलं निर्मल तेव्हा निजामाच्या राज्यात, तिथवर तो कायदा पोहोचणार कसा? आणि मुंबईतसुद्धा तो कारखान्याच्या फाटकाच्या आतल्या बाईपुरताच होता.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने कायद्याने कामगाराला भरपगारी वार्षिक रजा दिली. मग प्रश्न आला, विडी वळणारा कामगार आहे का? नागपूरच्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात 1960 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आहे. रजेचा पगार द्या. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या खटल्यात निकाल उलटा लागला. हा माणूस हवं तेव्हा येतो, हवं तेव्हा जातो, वेळेचं बंधन नाही, म्हणून तो कामगार नाही आणि त्याला रजेचा पगारही नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना ते पटलं नाही, पण बहुमत दुसऱ्या बाजूला होतं. आता बघा, कारखान्यात येऊन वळणाऱ्याची ही गत, तर घरी एका हाताने पाळणा हलवत वळणारीला कोण विचारणार?

तिला विचारलं 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने. मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिला आणि बाईने घरी बसून विडी वळली, तरी ती कामगारच, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. 1961 चा प्रसूती लाभ कायदाही तिला लागू झाला. मालक न्यायालयात गेले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. ओसरीला कामाची जागा म्हणून मान मिळाला तो असा.

मात्र नोंदवहीत नाव नसेल तर हक्क हातात येत नाही. म्हणून दिलेल्या मालाची चिठ्ठी, मजुरीचा हिशोब, ओळखपत्र हे बाईने दागिन्यासारखं जपावं.

पुढे बाकीच्या गोष्टी हळूहळू आल्या. बाळंतपणाच्या रजेवर असताना बाईला कामावरून काढणं 1961 च्या कायद्यानेच बेकायदा ठरवलं होतं. 1976 मध्ये समान कामाला समान वेतन आलं. लैंगिक छळाविरुद्ध 1997 साली विशाखा निकाल आला आणि 2013 मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमायची, तिची अध्यक्ष बाईच. त्याहून लहान दुकान असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी करायची. निर्मल 2016 पासून स्वतंत्र जिल्हा आहे, तेव्हा आपल्या दुकानातल्या मुलीने आदिलाबादकडे बघायची गरज नाही. ही माहिती तिला मालकिणीनेच आपणहून सांगितली, तर त्यात कमीपणा कसला?

2013 च्या त्याच कायद्याने घरकाम करणाऱ्या बाईलाही संरक्षण दिलं. म्हणजे आपलं स्वयंपाकघर कायद्याच्या नजरेत कामाची जागा झालं. पण प्रसूती लाभाचा कायदा तिला लागू नाही. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी तिची पगारी रजा बहुतेक घरांत अजून बाईसाहेबांच्या मर्जीवरच आहे.

तिथे आपल्याला आपलं शास्त्र आठवायला हवं. अहिंसाव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आहे, म्हणजे झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. अन्नपाननिरोधही आहे. पर्युषणात आपण हे शब्द ऐकतो आणि डोळ्यांपुढे बैल आणतो. सातव्या महिन्यात आपल्याकडे पाण्याचे हंडे उचलणारी बाई का आणत नाही? आणि महिनाभर येता आलं नाही म्हणून तिचा पगार कापला, तर तिच्या ताटातला घास कोणी अडवला? कायदा आपल्या उंबऱ्याशी येईल तेव्हा येईल. व्रत तर आधीपासून घरातच आहे.